चार नंबरचा बोअर

भराव हा शब्द मला शेजूळमामांनी शिकवला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी काळी माती शिकले होते, मुरूम शिकले होते, दगडाचे प्रकार पाठ केले होते. पण औरंगाबादेत नोकरीला लागले आणि पहिल्या दिवशी साइटवरच्या खड्ड्यात वाकून पाहिलं, तर यातलं काहीच तिथं नव्हतं. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, निळ्या पिशव्यांच्या चिंध्या आणि लहान मुलाचा एक बूट. वहीत काय लिहावं ते न कळून मी पेन धरून उभी राहिले.

“भराव लिहा, मॅडम,” शेजारून आवाज आला. “माणसानं केलेली जमीन. आता हेच जास्त घावतं.”

आमची लॅब लहानशीच होती. कुठं इमारत उठायची असली की आधी आम्ही तिथं जमिनीत बोअर घेऊन खाली काय आहे ते पाहायचो, नमुने आणून तपासायचो आणि पाया किती खोल घ्यावा ते लिहून द्यायचो. बोअर मामा घेत, खाली काय काय लागलं त्याची नोंदही मामाच ठेवत. त्या नोंदीवरून इंग्रजीत अहवाल करायचं काम माझं. मशीन चालवायला राशीदभाई होता. आणि या सगळ्यांच्या वर आमचे साहेब, जे सहसा फोनवर असत.

मामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उंच, किडकिडीत, खांदे किंचित पुढं आलेले. अंगात पांढरा सदरा, गळ्यात चौकड्याची दस्ती. शिक्षण दहावीपर्यंत. पण जमिनीतून वर आलेली चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून ते जे सांगत, ते लॅबमध्ये दोन दिवसांनी तसंच निघायचं. “दातात करकरली की रेती, लोण्यावानी गेली की गाळ,” असं ते मला समजावत. मी एकदाच करून पाहिलं. दिवसभर पाणी पीत होते. राशीदभाई हसून म्हणाला, “मॅडम, ये मामा का नाश्ता है, तुम नक्को करो.”

त्यांची नोंदवही पाहण्यासारखी होती. पानावर वरून खाली एकेक थर लिहायचा आणि जिथं भराव संपून मूळ जमीन सुरू होते, तिथं लाल पेनानं आडवी रेघ मारायची. “रेघेच्या वरलं माणसाचं, खालचं देवाचं,” असं ते म्हणायचे. रेघेखाली ते अगदी थोडक्यात लिहीत: काळी माती, मुरूम, कच्चा दगड, पक्का दगड. रेघेच्या वर मात्र त्यांचा हात आखडत नसे. ‘थर्माकोल, बांगडीचे तुकडे, सलाइनची नळी, जळका टायर, चहाचे कप.’ मी त्या सगळ्याचं इंग्रजीत एकच वाक्य करायची: भराव, किरकोळ कचऱ्यासह. एकदा त्यांनी विचारलं, “माझं येवढं सगळं तुमच्यात कुठं जातं?” मी म्हटलं, “मामा, पाया काढणाऱ्याला बांगडीचं काय करायचंय?”

“त्याला नसंल करायचं,” ते म्हणाले. “पर ते हाय ना तिथं.”

त्यांच्या जुन्या वह्या मी एकदा रिकाम्या दुपारी चाळल्या. सुरुवातीच्या वह्यांत लाल रेघ पानाच्या अगदी वरच्या कडेला होती, काही पानांवर तर नव्हतीच. पुढं पुढं ती खाली सरकत आली होती. शहर जसं पसरलं, नाले बुजले, खाणी बुजल्या, विहिरी बुजल्या, तशी रेघ उतरत गेली होती. कुठल्याही पुस्तकात नसलेली ती गोष्ट त्या घामट वह्यांत होती, आणि मामांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

त्यांचं सगळं खरं लिहिणं लोकांना सोसायचं नाही. एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी आयुष्यभराची पुंजी घालून प्लॉट घेतला होता. बोअरमध्ये नऊ फुटांवरून शिसवी रंगाचा प्लास्टिकचा कंगवा वर आला. मामांनी तो पुसून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “मास्तर, नाला हाय हा. नुसता झाकलाय.”

मास्तरांनी कंगवा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “लिहू नका हो असं. बँकवाले कर्ज देणार नाहीत. या वयात मी कुठं जाऊ?”

मामांनी लिहिलं. पण पुढचे चार रविवार ते स्वतःहून तिथं गेले. पायाचे खड्डे पक्का दगड लागेपर्यंत खाली नेऊन घेतले, प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरून पहारीनं ठोकून पाहिलं. त्या घराच्या वास्तुशांतीला मास्तरांनी त्यांना ब्राह्मणाच्या शेजारी पाटावर बसवलं होतं. ते मला मास्तरांनीच नंतर सांगितलं. मामांनी फक्त “जिलबी चांगली व्हती” एवढंच सांगितलं होतं.

आणखी एक दिवस आठवतो. कुठल्याशा भरावात हिरवट झाक असलेला मुरूम निघाला. मामांनी तो तळहातावर चोळला आणि त्यांचा चेहरा बदलला. संध्याकाळी परत येताना त्यांनी राशीदभाईला गाडी आडवाटेला घ्यायला लावली. “हा मुरूम आमच्या गावाकडल्या टेकडीचा हाय. तिथं मी बैलं चारली.” आम्ही पोचलो तिथं टेकडी नव्हती. टेकडीच्या जागी मोठा खड्डा होता आणि त्यात शहरातला पाडापाडीचा माल टाकायला ट्रॅक्टर लागले होते.

“बगा मॅडम,” ते म्हणाले, “टेकडी गेली शहराच्या खड्ड्यात, अन् शहर चाललं टेकडीच्या खड्ड्यात. हजार दोन हजार वर्षांनी कोणी खोदलं त येडं व्हऊन जाईल. म्हणल, ही कोणती माणसं व्हती बाबा?” एवढं बोलून ते हसले आणि गाडीत जाऊन बसले.

त्यांचं गाव शेंद्र्याच्या बाजूला. तिथली त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती. मोबदला मिळाला होता, त्यातून पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर झालं होतं. जमीन गेल्याची तक्रार त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. “पोरं शिकली त्यावर,” असं म्हणायचे. पण त्यांची आई, जिला ते माय म्हणत, ती मात्र शहरात रमली नाही. मी एकदा घरी गेले होते तेव्हा ती दारातल्या तुळशीच्या कुंडीपाशी बसली होती. त्या कुंडीत त्यांच्या वावरातली काळी माती होती. घर बदलताना तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, गोणीभर माती. मी काय काम करते ते मामांनी तिला सांगितलं, तर ती मामांकडं बोट दाखवून म्हणाली, “आमच्या भानुदासावानीच का? भोकं पाडता का तुमी बी?”

मग ते दुष्काळाचे उन्हाळे आले. लागोपाठ. टँकर आला की गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून धावायची. आमच्या बोअरच्या मशीनलाही पाणी हवं असायचं. मशीनच्या फिरत्या टोकावर, बिटावर, पाणी सोडलं की दगड गार राहतो, धूळ बसते आणि दगडाचा सबंध तुकडा वर येतो. साहेब टँकर मागवून देत. पण मामांना ते पटेना. एका साइटवर आमच्या टँकरभोवती बाया कळश्या घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मामांनी टँकरचा नळ त्यांच्याकडं सोडून दिला आणि राशीदभाईला म्हणाले, “बंद कर मशीन. माणसाला प्यायला नाय अन् मी दगडाला पाजू व्हय?”

तेव्हापासून ते उन्हाळाभर हवेच्या मशीनवर काम करू लागले. त्यात पाणी लागत नाही. कंप्रेसरची हवा दगडाची भुकटी करून वर उडवते. दिवसभर राखाडी धुळीचा लोट आणि त्यात तोंडाला दस्ती बांधून उभे असलेले मामा. लॅबनं मास्कचे खोके दिले होते. ते म्हणायचे, मास्क बांधला की वास कळत नाय, अन् वास नाय त खाली काय लागलं ते कळणार कसं. संध्याकाळी ते डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचे दिसत. खोकला त्याच उन्हाळ्यात सुरू झाला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला, आणि धुळीचा खोकला म्हणून सोडून दिला.

माय गेली ती त्यातल्याच एका वैशाखात. जाताना तिनं सांगून ठेवलं होतं, माझी राख आपल्या वावरात टाका. लोकांनी समजावलं की वावर आता आपलं नाही, पैठणला गंगेत, गोदावरीत, सोडू. पण त्या साली गंगेत पाणी तरी कुठं होतं? पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. मामा अस्थींचं मडकं घेऊन कारखान्याच्या आवाराच्या गेटवर गेले. गेटवरचा वॉचमन पलीकडच्या गावचाच निघाला. त्यानं हात जोडले. “काका, माझं सोताचं वावर त्या निळ्या शेडखाली हाय. मला बी आत फिरू देत नायत. तुमाला कसं सोडू?” मामा परत आले. मडकं फडक्यात बांधून त्यांनी घरामागच्या लिंबाला टांगलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ऑफिसात ते तेराव्यानंतर आले, मुंडण केलेलं डोकं दस्तीनं झाकून, आणि कामाला लागले.

सहासात महिन्यांनी शेंद्र्याच्या बाजूचं एक मोठं काम आमच्याकडं आलं. नवीन शेड, पाच बोअर. मामा साहेबांकडं गेले आणि म्हणाले, हे काम मी घेतो. त्यांनी काम मागून घेतल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

त्या दिवशी मी बरोबर होते. सपाट, उघडी जागा. वरची काळी माती खरवडून नेलेली आणि तिच्या जागी तांबडा मुरूम पसरलेला. झाड एकही नाही. चुन्याच्या फुल्या मारून पाच जागा दाखवून दिलेल्या होत्या. मामांनी फुल्यांकडं पाहिलंच नाही. ते लांबवर उभ्या असलेल्या विजेच्या टॉवरपाशी गेले आणि तिथून पावलं मोजत आमच्याकडं येऊ लागले. मध्येच थांबत, उजवीकडं वळत, पुन्हा चालत. जवळ आले तसे त्यांचे शब्द ऐकू येऊ लागले. “हितं बांध... हितं गोठा... हितं मायची चूल...” चौथ्या फुलीच्या जेमतेम हातभर अलीकडं ते थांबले.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही आमची विहीर.”

तेव्हा मला कळलं की आपण कुठं उभे आहोत.

चौथा बोअर त्यांनी शेवटी घेतला. वर मुरूम उडाला, मग सिमेंटची पांढरी भुकटी, मग प्लास्टिकच्या वळकट्या बिटाला गुंडाळून वर आल्या. राशीदभाईनं दोनदा मशीन थांबवून त्या कापून काढल्या. “मामा, इसमें तो कचरा इच कचरा है.” मामा वहीत उतरवत राहिले. चाळीस फुटांच्या आसपास लोटाचा रंग बदलला. मामांनी पुढं होऊन मूठ धरली, चिमूट दातांत धरली आणि तशीच गिळली.

“गाळ,” ते म्हणाले. “हा आमचा.” आणि त्यांनी लाल रेघ मारली.

मशीन बंद झालं. ते राशीदभाईला म्हणाले, “जा, च्या घेऊन ये.” राशीदभाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो गाडी घेऊन गेला. मामांनी आपल्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं मडकं काढलं. मी उठून लांब जाऊ लागले तर म्हणाले, “थांबा मॅडम. एक माणूस तरी पायजे.” ते गुडघ्यांवर बसले. चार बोटं रुंदीचं ते भोक. मडकं कलतं करून त्यांनी राख हळूहळू आत सोडली. वारा होता, म्हणून एका हाताचा आडोसा धरला होता. मग एका पिशवीतली काळी माती ओंजळीनं घातली. तुळशीच्या कुंडीतली असणार. शेवटी भोकाच्या तोंडावर तळहात ठेवून थोडा वेळ तसेच बसले.

“चाळीस वर्षं पाणी काढलं तिनं हितलं,” एवढंच म्हणाले.

वहीत त्या बोअरखाली त्यांनी नेहमीसारखा शेरा लिहिला: ‘बोअर बंद केला. काळी माती.’

पुढचं मला सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय मामा पुरे होणार नाहीत. चौथ्या जागी शेडचा एक मुख्य खांब येणार होता. बुजवलेल्या विहिरीवर खांब म्हटल्यावर तिथला सगळा आराखडा बदलावा लागणार, काम लांबणार. ठेकेदाराचा फोन आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, जागा पाच मीटर सरकवली आहे, उद्या दुसऱ्या टीमकडून बोअर घेऊ, त्यालाच चार नंबर द्या. जुन्याचा उल्लेख नको. “पण विहीर आहे तिथं,” मी म्हटलं. साहेब म्हणाले, “खांब तिथं येतच नाही आता. मग कशाला?” खांब खरंच सरकला की नाही ते मी विचारलं नाही. मी अहवाल केला आणि सही केली.

मामांना इंग्रजी येत नसलं तरी आकडे आणि आकृतीतल्या थरांच्या खुणा कळत. आपल्या नमुन्यांच्या पिशव्यांचे नंबर ते अहवालाशी ताडून पाहत. त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी पानं उलटली. चौथ्यावर थांबले.

“मॅडम, ही चार नंबर कुठली? मुरूम, अन् खाली लगेच दगड?”

“जागा सरकवली, मामा. साहेबांनी.”

“अन् विहीर?”

मी कॉम्प्युटरकडं बघत म्हटलं, “ती रिपोर्टात येत नाही.”

त्यांनी अहवाल नीट बंद करून टेबलाच्या कडेला ठेवला. त्यानंतरही ते कामावर येत राहिले, पण नोंदवही माझ्या हातात कधी दिली नाही. मी नसताना टेबलावर ठेवून जात. होळीनंतर ते यायचे बंद झाले. साहेब म्हणाले, वय झालं आता.

मी ती लॅब सोडली, दुसरीकडं लागले. दोनेक वर्षांनी त्याच वसाहतीत एका कामाला गेले, तेव्हा ती शेड बाहेरून पाहिली. टॉवर तसाच होता, म्हणून अंदाज आला. आत पत्रा ठोकायचं यंत्र चालू होतं. प्रत्येक ठोक्याला रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या पायांखालची जमीन हादरत होती.

मामा आजारी असल्याचं राशीदभाईनं कळवलं. मी पुंडलिकनगरात गेले. ते बाहेरच्या खोलीत कॉटवर उशांना टेकून बसले होते. मामींनी एक्स-रेचा लिफाफा दाखवला. “डॉक्टर म्हणत्यात, छातीत दगडाची धूळ बसली. निघत नाय म्हणं ती.” मामा हसले. “आता मलाच बोअर घ्या म्हणलं. वरून खालपर्यंत भरावच निघंल.” त्या हसण्यानं खोकल्याची उबळ आली आणि ती संपेपर्यंत आम्ही दोघी खाली मान घालून बसलो.

मामी आत गेल्यावर मी म्हटलं, “मामा, तो अहवाल मी केला होता. माझी सही आहे.”

“मालूम हाय,” ते म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. “तवाच मालूम व्हतं. तुमच्या बी घरी चूल हाय.” पुन्हा थांबले. “जाऊ द्या. तुमी तिकडं जाता का कधी? काय आलंय तिथं? मशीन आलंय का हापिस? मायला आवाज सोसत नव्हता लई.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. “बाग केलीय, मामा,” मी म्हणाले. “तेवढ्या जागेत. हिरवळ आणि दोन झाडं.”

“व्हय?” त्यांचे डोळे एकदम जागे झाले. ते थोडे पुढं सरकले. “माती कुठून आणली त्यांनी?”

आयुष्यभर जो माणूस मातीला तोंडात घेऊन खरं खोटं ठरवत आला, तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

“काळीच आहे,” मी कसंबसं म्हणाले.

मामा मागं टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, “काळी असंल त जगतील झाडं.”

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मामी कळश्या घेऊन धावल्या. मी निरोप घेतला. गल्लीच्या टोकाला पोचून वळून पाहिलं, तर मामा कसे कोण जाणे उठून दारापर्यंत आले होते. सुसाट वारा सुटला होता आणि रांगेत मामींचा नंबर धरायला ठेवलेला रिकामा ड्रम त्यांच्या दाराकडं गडगडत येत होता. मामा उंबऱ्याखालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी कवटाळून धरला. छाती भात्यासारखी चालली होती. बाया त्यांना आत जा म्हणत होत्या. ते मान हलवत होते, आणि पाणी यायची वाट बघत ड्रम धरून बसले होते.